एकच खुर्ची दोघांना विकली जाते तेव्हा

फोंड्याहून एका तरुण प्रोग्रामरने विचारलं आहे: मराठी नाटकांच्या तिकीटविक्रीसाठी हॅस्केल या फंक्शनल भाषेत सेवा लिहिली आहे. फोंडा, म्हापसा आणि मडगावच्या विक्री-खिडक्या आणि मोबाइलवरून येणारं बुकिंग, सगळं एकाच सर्व्हरवर येतं. प्रयोगाच्या खुर्च्यांचा मॅप (कोणती खुर्ची कोणाची, याची यादी) एका आयओरेफमध्ये, म्हणजे मूल्य बदलता येणाऱ्या जागेत, ठेवला आहे. गर्दी झाली की मधूनच एक खुर्ची दोघांना जाते. आयओरेफ काढून एमव्हार (एका वेळी एकालाच हाती घेता येणारी जागा) लावला तेव्हा दुहेरी विक्री थांबली, पण कधीतरी अख्खी सेवाच ठप्प होते. फंक्शनल भाषेत डेटा बदलत नाही म्हणतात, मग हे का होतं? त्यापेक्षा एर्लांग या दुसऱ्या भाषेकडे वळावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: भाषा बदलू नका. तुमच्या हातात या कामासाठी उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या साधनांपैकी एक आहे, फक्त ते अजून वापरलेलं नाही.

आता मूळ शंका. डेटा बदलत नाही हे खरंच आहे. तुमचा मॅप एकदा तयार झाला की त्यात कोणी ढवळाढवळ करू शकत नाही, त्यामुळे अर्धवट बदललेला मॅप कुणालाही दिसणार नाही. हा फायदा मोठा आहे; इतर भाषांमध्ये एक थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारं एक काम) मॅप वाढवत असताना दुसऱ्याने तो वाचला की काय होतं, हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना विचारा. पण आयओरेफ म्हणजे मॅप नव्हे. आयओरेफ ही "सध्याचा मॅप कोणता" हे सांगणारी जागा आहे, आणि ती जागा बदलते. तुमच्या प्रोग्राममध्ये बदलणारी गोष्ट हजार ठिकाणांवरून एका ठिकाणी आली, नाहीशी झाली नाही. त्या एका ठिकाणी शिस्त लागतेच.

घडतं ते असं. फोंड्याच्या खिडकीचा थ्रेड मॅप वाचतो. त्याच वेळी म्हापशाचाही वाचतो. फोंडा क-४ विकून नवा मॅप लिहितो. म्हापसा आपल्याकडच्या जुन्या मॅपवरून ह-९ विकून दुसरा नवा मॅप लिहितो. म्हापशाच्या मॅपमध्ये क-४ मोकळीच आहे, कारण त्याने वाचलं तेव्हा ती मोकळी होती. फोंड्याची विक्री पुसली गेली. दहा मिनिटांनी मडगावहून कोणी क-४ मागितली तर ती खुशाल मिळते. म्हणजे दोघांनी एकाच क्षणी तीच खुर्ची मागण्याची गरजच नाही; वेगवेगळ्या खुर्च्या विकतानाही दुहेरी विक्री होते, आणि ती उघडकीस येते प्रयोगाच्या रात्री. तुम्ही लॉगमध्ये "एकाच सेकंदाला आलेल्या दोन मागण्या" शोधत असाल तर म्हणूनच काही सापडत नसेल.

मॉडिफायआयओरेफ वापरलं तरी फरक पडत नाही. तेही आतून वाचून मग लिहितं, मध्ये फट आहेच. फट बुजवतं ते अ‍ॅटॉमिकमॉडिफायआयओरेफ. त्याला एक शुद्ध फंक्शन (बाहेरच्या कशालाही हात न लावणारं) द्यायचं, जे जुना मॅप घेऊन नवा मॅप आणि निकाल अशी जोडी परत देतं. खुर्ची मोकळी आहे का, ही तपासणी त्या फंक्शनच्या आत असली पाहिजे. बाहेर तपासून आत फक्त विकलं तर फट पुन्हा उघडली. आणि नावापुढे प्राइमचं चिन्ह असलेली आवृत्ती वापरा. साधी आवृत्ती हिशेब न करता हिशेबाची चिठ्ठीच ठेवते. चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या साचतात, मेमरी फुगते, आणि एखाद्या चिठ्ठीत चूक असेल तर ती चूक करणाऱ्या थ्रेडमध्ये न फुटता नंतर वाचायला आलेल्या बिचाऱ्या दुसऱ्याच थ्रेडमध्ये फुटते.

आज संध्याकाळपर्यंत दुहेरी विक्री थांबवायची असेल तर एवढाच बदल करा. बदलणारी गोष्ट एकच असेल, एकाच आयओरेफमध्ये असेल, तर हे पुरेसं आहे आणि वेगवानही आहे. मी आजही साध्या मोजण्यांसाठी आणि कॉन्फिगरेशनसाठी हेच वापरतो.

एमव्हारने सेवा ठप्प का होते, याची कारणं वेगळी आहेत. एमव्हार १९९६ मध्ये कॉन्करन्ट हॅस्केलबरोबर आला. तो एकतर भरलेला असतो किंवा रिकामा. रिकाम्यातून घ्यायला गेलात तर थांबावं लागतं, भरलेल्यात ठेवायला गेलात तरी थांबावं लागतं. एकेरी रेल्वेमार्गावर ज्या चालकाच्या हाती टोकन, त्याचीच गाडी पुढे, तसा हा प्रकार. टोकन घेतलेला मध्येच नाहीसा झाला तर मागचे सगळे उभे. तुमच्या सेवेत तो नाहीसा होण्याची वाट उघडी असणार: टेकएमव्हार आणि पुटएमव्हार असे दोन वेगळे कॉल लिहिले असतील, आणि मधल्या वेळात एक्सेप्शन (काम मध्येच तोडणारी चूक) आलं असेल. वेब सर्व्हरमध्ये मागणीची वेळमर्यादा संपली की चालू थ्रेडवर बाहेरून एक्सेप्शन फेकलं जातं. ते कोणत्याही ओळीवर येऊ शकतं. मॉडिफायएमव्हार किंवा विथएमव्हार वापरा, ती एक्सेप्शन आलं तरी मूल्य परत ठेवतात. दुसरी शक्यता अशी की एमव्हार हातात असतानाच तुम्ही असं फंक्शन बोलावलं जे तोच एमव्हार पुन्हा घेऊ बघतं. जावामधल्या सिंक्रोनाइज्डची सवय असलेल्यांना इथे ठेच लागते, कारण तिथे त्याच थ्रेडला पुन्हा आत जाता येतं, इथे येत नाही.

जीएचसीचा, म्हणजे हॅस्केलच्या कंपायलरचा, मेमरीतला कचरा गोळा करणारा भाग अशा कायमच्या अडकलेल्या थ्रेडला ओळखून "ब्लॉक्ड इन्डेफिनेटली" असं एक्सेप्शन देतो खरा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. त्या एमव्हारचा संदर्भ दुसऱ्या कुठल्या जिवंत थ्रेडकडे असेल तर त्याला काही कळत नाही.

या दोन्ही दुरुस्त्या केल्यात की एमव्हारही चालेल. पण तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतो आहे, कारण तिकीटविक्रीत तो येतोच: शुक्रवारच्या प्रयोगाची तिकिटं शनिवारवर बदलून द्यायची. प्रत्येक प्रयोगाला वेगळा एमव्हार आहे. "खुर्ची सोडा" हे फंक्शन बरोबर आहे, "खुर्ची घ्या" हेही बरोबर आहे. दोन्ही एकापाठोपाठ बोलावली की मात्र मधल्या क्षणात गिऱ्हाइकाकडे कुठलीच खुर्ची नाही, आणि शनिवारची मिळाली नाही तर शुक्रवारची तोवर गेलेली असू शकते. दोन्ही एमव्हार आधीच धरून ठेवावेत तर शनिवारवरून शुक्रवारवर येणारा दुसरा गिऱ्हाईक उलट क्रमाने धरतो आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. क्रम ठरवून देता येतो, पण तो क्रम कंपायलर पाहत नाही. तो नव्या माणसाला कुणीतरी सांगावा लागतो. बरोबर असलेले दोन तुकडे जोडले की बरोबर उत्तर मिळावं, याच अपेक्षेने आपण फंक्शनल भाषा निवडतो. एमव्हारसारखी कुलपं ती अपेक्षा मोडतात.

एसटीएम, म्हणजे सॉफ्टवेअर ट्रॅन्झॅक्शनल मेमरी, यासाठीच आहे. २००५ मध्ये टिम हॅरिस, सायमन मार्लो, सायमन पेटन जोन्स आणि मॉरिस हर्लिही या चौघांनी हॅस्केलसाठी त्याची मांडणी केली, आणि तेव्हापासून ते जीएचसीत आहे. बदलणारी मूल्यं टीव्हार नावाच्या जागांमध्ये ठेवायची, त्यांच्यावरचं काम एसटीएम प्रकारात लिहायचं, आणि शेवटी सगळं अ‍ॅटॉमिकलीच्या आत चालवायचं; असं एकदम चालणारं काम म्हणजे एक ट्रॅन्झॅक्शन. चालू असताना प्रत्येक वाचन आणि लेखन त्या थ्रेडच्या स्वतःच्या नोंदवहीत होतं. शेवटी नोंदवही तपासली जाते: मी वाचलेली मूल्यं अजून तीच आहेत का? असतील तर सगळे बदल एकदम लागू. नसतील तर नोंदवही फेकून काम पहिल्यापासून. मध्येच एक्सेप्शन आलं तरी नोंदवही जाते आणि टीव्हार जसेच्या तसे राहतात. अडकून राहायला टोकनच नाही, म्हणून तुमची ठप्प होण्याची तक्रार मुळातून जाते.

"सोडा" आणि "घ्या" ही दोन एसटीएम फंक्शनं एकापुढे एक लिहून एका अ‍ॅटॉमिकलीत घातली की अदलाबदल तयार. शनिवारची खुर्ची नसेल तर आतून एक्सेप्शन फेका, शुक्रवारची सोडलेलीसुद्धा परत येते. ऑरएल्स वापरून "शुक्रवारी चार सलग, नाहीतर शनिवारी चार सलग" असंही लिहिता येतं. पहिल्या फांदीने रीट्राय केलं, म्हणजे अट जमत नाही असं सांगितलं, तर तिने केलेलं सगळं पुसलं जातं. आपल्याकडे नाटकाला एकटा माणूस क्वचितच येतो, घरची आणि शेजारची मंडळी एका रांगेत बसायला मागतात, त्यामुळे "चारही किंवा एकही नाही" ही अट तुमच्या व्यवसायाची मूळ अट आहे. ती चार ओळींत आणि निर्धोकपणे लिहिता येणं याचं मोल मला फार वाटतं. रीट्राय तर प्रतीक्षायादीसाठीच केल्यासारखं आहे: अट पूर्ण होत नसेल तर थ्रेड झोपतो, आणि त्याने वाचलेल्या टीव्हारपैकी एखादा बदलला की उठून पुन्हा बघतो. ठराविक वेळाने उठून विचारत राहण्याचा कोड लागत नाही.

हे हॅस्केलमध्येच इतकं नीट का जमलं? काम पुन्हा पहिल्यापासून करायची मुभा हवी असेल तर ते काम बाहेरच्या जगाला हात लावणारं नसावं. नाहीतर दोनदा चाललेलं काम दोन एसएमएस पाठवील. एसटीएम प्रकाराच्या आत आयओ, म्हणजे बाहेरच्या जगाशी व्यवहार, चालतच नाही, कंपायलर अडवतो. मायक्रोसॉफ्टने डॉटनेटसाठी असाच प्रयोग केला होता, तो पुढे सोडून दिला. जिथे कुठल्याही ओळीत काहीही परिणाम होऊ शकतो तिथे ही हमी द्यायची कशी, हा प्रश्न फार अवघड आहे.

आता खरं डोकं लावायची जागा. कंपायलर एक गोष्ट ठरवून देत नाही: कोणत्या गोष्टी एकदम बदलायला हव्यात. ती तुम्ही ठरवायची. कोड लिहिण्याआधी कागदावर नियम लिहा. एका प्रयोगाची एक खुर्ची एका वेळी एकाचीच. एका मागणीतल्या सगळ्या खुर्च्या मिळतील नाहीतर एकही नाही. अदलाबदलीत गिऱ्हाईक कधीही खुर्चीशिवाय राहणार नाही. प्रत्येक नियमात ज्या वस्तू एकत्र येतात त्या एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये. बाकी काहीही त्यात आणायचं नाही.

यावरून टीव्हार किती मोठा असावा ते निघतं. सगळा मॅप एकाच टीव्हारमध्ये ठेवलात तर क-४ आणि ह-९ घेणारे दोघं विनाकारण एकमेकांवर आदळतील आणि एकाला पुन्हा सुरुवात करावी लागेल. प्रत्येक खुर्चीला स्वतंत्र टीव्हार द्या. बाहेरचा मॅप, म्हणजे कोणती खुर्ची कोणत्या टीव्हारकडे बोट दाखवते, हा प्रयोग जाहीर झाल्यावर बदलत नाही. तो साधा अचल मॅपच राहू द्या. मग वेगळ्या खुर्च्या घेणारे एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत. इथे एक सापळा आहे: "शिल्लक खुर्च्या" असा एक टीव्हार ठेवून प्रत्येक विक्रीत तो एकने कमी करायचा मोह होतो. तसं केलंत की प्रत्येक विक्री त्या एकाच टीव्हारला धडकणार, आणि खुर्चीगणिक टीव्हार केल्याचा सगळा फायदा गेला. शिल्लक आकडा दाखवायचाच असतो ना, तो मोजून काढा.

मोजतानाही विचार करा. नाट्यगृहाचा पूर्ण नकाशा एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये वाचायला गेलात तर शेकडो टीव्हार वाचेपर्यंत एखादा बदलतोच, आणि विक्री जोरात असताना हे लांबलचक वाचन पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत राहतं. छोटी ट्रॅन्झॅक्शनं जिंकतात, लांब असलेली उपाशी राहतात. एमव्हारमध्ये आधी आलेल्याला आधी मिळतं, तशी रांगेची हमी एसटीएममध्ये नाही. पडद्यावर दाखवायच्या नकाशासाठी रीडटीव्हारआयओने एकेक खुर्ची सुटी वाचा. चित्र क्षणभर जुनं असेल, पण विकताना तपासणी पुन्हा होणारच आहे. रात्रीचा हिशेब मात्र विक्री बंद झाल्यावर काढा. आणि इथेही लिहिताना मॉडिफायटीव्हारची प्राइम आवृत्ती, वरच्याच कारणासाठी.

पैसे हा यातला सर्वांत नाजूक भाग. यूपीआयचं उत्तर येईपर्यंत ट्रॅन्झॅक्शन उघडी ठेवता येत नाही, कंपायलर ठेवू देणार नाही, आणि ते बरंच आहे. खुर्चीच्या तीन अवस्था करा: मोकळी, राखून ठेवलेली, विकलेली. राखून ठेवलेलीबरोबर एक क्रमांक आणि मुदतीची वेळ ठेवा. पहिली ट्रॅन्झॅक्शन चारही खुर्च्या तपासून राखून ठेवते आणि संपते. मग ट्रॅन्झॅक्शनच्या बाहेर, आयओमध्ये, पैशांची मागणी जाते. उत्तर आल्यावर दुसरी ट्रॅन्झॅक्शन खुर्च्यांवर अजून आपलाच क्रमांक आहे का ते बघते. असेल तर विकलेली करते, नसेल तर "पैसे परत करा" असा निकाल देते आणि परतफेड पुन्हा बाहेर होते.

ती क्रमांकाची तपासणी गाळू नका. सत्तरी-सांग्याच्या डोंगरात मोबाइलचं नेटवर्क गेलं, खात्यातून पैसे गेले पण खात्रीचा संदेश उशिरा आला, तोवर मुदत संपून ती खुर्ची दुसऱ्याने राखली, असं होणारच. फक्त "राखून ठेवलेली आहे ना" एवढंच पाहिलंत तर एकाच्या पैशांवर दुसऱ्याची खुर्ची पक्की होईल. मुदत संपलेल्या खुर्च्या सोडवायला वेगळा थ्रेड फिरवायचीही गरज नाही. घ्यायला येणाऱ्याने मुदत संपलेली खुर्ची मोकळीच समजायची. वेळ मात्र ट्रॅन्झॅक्शनच्या आधी आयओमध्ये वाचून आत साधं मूल्य म्हणून द्या. त्यामुळे अवस्थाबदलाचं पूर्ण फंक्शन शुद्ध राहतं: जुनी अवस्था, वेळ, मागणी घेतं आणि नवी अवस्था किंवा नकार देतं. माझ्या मते या सगळ्या रचनेतली सर्वांत किमती वस्तू हे फंक्शन आहे. टीव्हार त्याच्याभोवतीचं पातळ वेष्टन.

एसटीएम एका प्रोसेसपुरतं आहे, हे विसरू नका. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की टीव्हार रिकामे, आणि दोन सर्व्हर चालवलेत तर त्यांच्यात काहीही समन्वय नाही. राखून ठेवलेल्या खुर्च्या मेमरीत असू द्या, वीज गेली आणि त्या गेल्या तर लोक पुन्हा राखतील. विक्री मात्र डेटाबेसमध्ये, आणि तिथे प्रयोग व खुर्ची या जोडीवर युनिक अट घाला. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर ती अट दुसरी विक्री शिरूच देणार नाही, वर कोणी काहीही चूक केली असली तरी. क्रम असा ठेवा: पैसे आले, डेटाबेसमध्ये नोंद झाली, मग टीव्हार विकलेली. नोंद नाकारली गेली तर परतफेड. एकाहून अधिक सर्व्हर लागले की राखणंही डेटाबेसमध्ये हलवावं लागेल. तेव्हा हेच शुद्ध फंक्शन तिथेही कामी येईल.

एर्लांगमध्ये प्रत्येक प्रयोगाला एक प्रोसेस आणि तिच्याकडे संदेश, अशी रचना होते. संदेश एकामागून एक हाताळले जातात म्हणून आतल्या स्टेटवर दोघं तुटून पडत नाहीत. पण "मोकळी आहे का" आणि "विका" असे दोन संदेश पाठवलेत तर मधल्या वेळात तिसऱ्याचा संदेश येतो आणि तुमची तीच चूक तिथेही होते. तिथे "मोकळी असेल तर विका" असा एकच संदेश हवा. दोन प्रयोगांमधली अदलाबदल तिथे हॅस्केलपेक्षा अवघड आहे, कारण दोन प्रोसेसना एकत्र बांधणारं काही नाही. जेनसर्व्हर या एर्लांगच्या तयार सांगाड्यात कॉलची ठरावीक मुदत ५ सेकंद. ती संपली की विचारणारा निघून जातो, पण काम पुढे होऊन बसतं, हेही हिशेबात धरावं लागतं. क्लोजर या भाषेत ट्रॅन्झॅक्शनं आहेत, पण तिथे नुसत्या वाचलेल्या रेफवर (रेफ म्हणजे तिथला टीव्हार) आदळआपट धरली जात नाही, त्यासाठी एन्शुअर लावावं लागतं. म्हणजे "आयोजकांसाठी निदान दोन खुर्च्या मोकळ्या राहिल्याच पाहिजेत" असा नियम दोन जण वेगवेगळी खुर्ची घेऊन एकत्रितपणे मोडू शकतात. हॅस्केलचं एसटीएम वाचलेलंही तपासतं, तिथे हे होत नाही.

उरली चाचणी. अवस्थाबदलाचं शुद्ध फंक्शन क्विकचेक या चाचणीच्या लायब्ररीने तपासा, त्याला थ्रेडची गरज नाही. अनेक थ्रेड एकत्र चालतात त्या भागासाठी प्रोग्राम जीएचसीच्या थ्रेडेड पर्यायासह बांधा आणि सर्व कोअर चालू ठेवून, मोजक्याच खुर्च्यांवर पुष्कळ थ्रेड सोडा. खुर्च्या कमी ठेवल्या की धडका जास्त होतात. प्रत्येक थ्रेडने आपल्याला "मिळाली" असं सांगितलेल्या खुर्च्या नोंदवायच्या आणि शेवटी त्या टीव्हारमधल्या विकलेल्यांशी ताडून बघायच्या. डेजाफू नावाची लायब्ररी थ्रेडची वेगवेगळी गुंफण पद्धतशीर चालवून बघते, तीही लावा. आणि चाचणी चालू असताना किलथ्रेडने मधूनच काही थ्रेड मारा. तुमच्या आताच्या एमव्हारच्या कोडवर आधी हे करून पाहा. सेवा ठप्प होण्याची जागा तिथेच सापडेल.